दोघींची सरासरी

आठ वर्षं मी एकाच बाईची पाठ बघितली. तिच्या नवऱ्याने तिचं तोंड जितकं बघितलं नसेल तितकी मी ती पाठ बघितली आहे, आणि तो नवरा म्हणजे माझा सख्खा भाऊ, त्यामुळे हे मी जबाबदारीने बोलतेय. तिच्या उजव्या खांद्याखाली एक तीळ आहे. दमली की आधी तो तीळ वर सरकतो, मग खांदा. डोकं दुखत असलं की मान डावीकडे झुकते. घरी भांडण झालेलं असलं की पाठ फळीसारखी ताठ. 'कशी आहेस' असं मला तिला कधी विचारावंच लागलं नाही.

आमचा खेळच तसला आहे. वल्हवणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. दोघींच्या बोटीत ती स्ट्रोकच्या जागेवर, म्हणजे लय तिची. मी तिच्या मागे, 'बो'च्या, म्हणजे बोटीच्या नाकाकडच्या जागेवर; त्यामुळे मान वळवून वाट बघणं, बोट सरळ ठेवणं आणि हाका देणं हे सगळं माझं. प्रत्येकीच्या हातात दोन-दोन वल्ही. वल्ह्याचं पातं पाण्यातून निघालं की तिथे एक भोवरा राहतो आणि बोट त्याच्यापासून लांब जाते. मला समोर तिची पाठ दिसायची आणि पाठीपलीकडे तिचे भोवरे. मन लावून ओढलं तर भोवरा खोल आणि काळा पडतो, कडेला फेसाची रेघ असते, आणि तो बराच वेळ गरगरत राहतो. नुसते हात हलवले तर कपात चमचा फिरवल्याएवढा. मागे बसणाऱ्यांना हे वाचता येतं. किनाऱ्यावरच्या लोकांना येत नाही, कारण ते बोट बघत असतात.

आम्ही लाइटवेट. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, काहीतरी हलकंफुलकं प्रकरण असेल. नियम असा आहे की एकही मुलगी एकोणसाठ किलोच्या वर नको आणि दोघींची सरासरी सत्तावन्नच्या वर नको. शर्यतीच्या दोन तास आधी पंच काट्यावर उभं करतात. आता सरासरी ही मोठी चतुर गोष्ट आहे. एकीला एकोणसाठवर आरामात राहायचं असेल तर दुसरीला पंचावन्नवर यावं लागतं. ती उंच, हाडापेराने दणकट. मी बुटकी. त्यामुळे पहिल्याच वर्षी, फारशी चर्चा न होता, ठरून गेलं की एकोणसाठ तिचे आणि पंचावन्न माझे.

म्हणायला काय जातंय! माझं खरं वजन साठाच्या घरातलं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मी काकडीसुद्धा दोनदा विचार करून चावायचे. विमानात ती शेजारी बसून पावाला लोणी लावायची आणि मी खिडकीबाहेर बघायचे, तर ढगही मला फेटलेल्या अंड्यासारखे दिसायचे. शर्यतीच्या सकाळी तीन जर्किनं अंगात घालून धावायचं, मग गरम खोलीत बसायचं, मग बाटलीत थुंकत राहायचं. थुंकून थुंकून वजन कमी होतं हे ज्ञान मला दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात मिळालं नसतं. वजन झालं की ती धावत यायची, केळं सोलून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "खा ग बाई, तुझ्या उपासावर माझं पोट चाललंय." आम्ही दोघी हसायचो. मला ते तेव्हा खरंच विनोदी वाटायचं.

पहिल्या परदेशी स्पर्धेत आम्ही शेवटच्या आलो, आणि तेही इतक्या उशिरा की बक्षिसाचा बँड वाजायला लागला होता. तिसऱ्या वर्षी अंतिम फेरी गाठली. पाचव्या वर्षी कांस्य, सहाव्या वर्षी रौप्य. पेपरात फोटो आला आणि खाली लिहिलं, 'लाटांवरच्या राण्या'. ज्या पाण्यावर आम्ही वल्हवतो तिथे लाट आली तर शर्यत पुढे ढकलतात, पण पेपरवाल्याला कोण सांगणार. मी ते कात्रण चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलं. सकाळी सराव आणि दुपारी त्या दुकानात नोकरी, असं माझं आयुष्य होतं, आणि मला दुसरं नकोही होतं.

राहिली फक्त सगळ्यात मोठी स्पर्धा. मागच्या वेळी तिची पात्रता आमची नखभर अंतराने हुकली होती. आणि या खेपेनंतर लाइटवेट हा गटच त्या स्पर्धेतून बंद होणार होता. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. हे वाक्य लोक उगाच कशालाही वापरतात, पण आमच्या बाबतीत ते शब्दशः तसं होतं.

ती माझी वहिनी झाली तीही बोटीमुळेच. आई गेल्यावर घरात मी आणि दादा दोघंच उरलो. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. काम आटोपलं की मला न्यायला जलाशयावर यायचा. आधी बाहेर थांबायचा, मग धक्क्यापर्यंत यायला लागला, मग आमची बोट उचलू लागला. एवढ्या वर्षांत त्याने माझी पाण्याची बाटली कधी उचलली नव्हती, तेव्हा मी काय समजायचं ते समजले. लग्न मीच जमवलं. त्यानंतर मी तिला चिडवायला वहिनी म्हणायचे आणि ती मला नणंदबाई. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो आणि गॅलरीतल्या दोरीवर आमचे दोघींचे एकसारखे कपडे वाळत असायचे.

मागच्या हिवाळ्यात सरावात ओढता ओढता माझी बरगडी तडकली. कुठे पडले नाही, आपटले नाही, नुसती ओढताना तडकली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि मला पुढ्यात बसवून झापलं. हाडं पोकळ व्हायला लागली आहेत, पाळी किती वर्षं नीट आलेली नाही ते आठवतंय का, तुम्ही बाहेरचं खात नाही म्हणून शरीर आतलं खातंय. "सत्तावन्नच्या खाली एक ग्रॅमही जायचं नाही," त्या म्हणाल्या. "जाणार असाल तर माझ्याकडे परत येऊ नका."

वहिनी माझ्याबरोबर आली होती. तिने माझा हात धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, "ही सत्तावन्नवरच राहील. मी एकोणसाठवरून सत्तावन्नला येते. इतकी वर्षं हिने केलं, मला पात्रतेपर्यंत चार महिने जमणार नाही?"

दवाखान्याच्या जिन्यात मी तिच्या गळ्यात पडून रडले. मला वाटलं, जगात आपलं म्हणावं असं एक माणूस असतं तर ते हे.

त्यानंतर काही आठवड्यांनी काडी आली. खरं नाव वेगळं, पण पहिल्याच दिवशी सगळ्या तिला काडी म्हणायला लागल्या. पोटभर जेवून वजन केलं तरी काटा चोपन्नच्या पुढे जायचा नाही. दंड मात्र पिळलेल्या दोरासारखे. आमच्या प्रशिक्षक सरांनी तिला राखीव म्हणून घेतलं आणि बोट सरळ कशी ठेवायची ते तिला शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. मी मनापासून शिकवलं. चोपन्नची काडी बोटीत बसली तर वहिनीला एकोणसाठवर ताटभर जेवून राहता येतं, हा हिशोब पहिलीतल्या पोराला जमला असता. मला तो सुचलाही नाही.

एका सोमवारी सरांनी जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी जागेची शर्यत. ही आमच्या खेळातली पद्धत आहे. स्ट्रोक तीच ठेवायची आणि मागची बदलायची. आधी एकीबरोबर पूर्ण अंतर वल्हवायचं, थोडी विश्रांती घ्यायची, मग दुसरीबरोबर तेच अंतर. जिच्याबरोबर वेळ कमी लागतो ती बोटीत. मला राग आला नाही. बरगडी तडकलेल्या बाईची परीक्षा घेणं सरांचं काम होतं. नाणं उडवलं, पहिली खेप माझी आली.

पाणी गुळगुळीत होतं. सुरुवात आमची झकास झाली, आठ वर्षांची सवय म्हणजे काय चेष्टा आहे? पहिला पाव टप्पा संपला आणि मला समोर काहीतरी खटकलं. पाठ नेहमीसारखी हलत होती. पुढे जात होती, मागे येत होती, लय अगदी घड्याळासारखी. भोवरे तेवढे बारीक झाले होते.

"ओढ!" मी हाक दिली.

"ओढतेय!" ती म्हणाली.

मी पाण्याकडे बघितलं. माझे भोवरे काळे, दणदणीत. तिचे फिरण्याआधीच विझत होते. आमच्या बोटीत प्रत्येकीच्या दोन्ही हातांत वल्हं असतं, म्हणून एकीने अंग चोरलं तरी बोट वाकडी होत नाही. सरळ जाते, नुसती हळू जाते. मी दात-ओठ खाऊन दोघींचं ओढायला लागले. बरगडीतून कळ निघाली. मनात आलं, हिला बरं नाही का, चक्कर येतेय का, दोन किलो उतरवण्याच्या नादात उपाशी आलीय का? बघा, तेव्हासुद्धा मला तिचीच काळजी. शर्यत संपल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते, "काही खाल्लंस का सकाळी?" तिने मान हलवली. मागे वळून मात्र बघितलं नाही.

धक्क्यावर काडी माझ्या जागेवर बसली आणि मी सरांच्या मोटरबोटीत चढले. मोटरबोट शर्यतीच्या बोटीच्या मागून जाते आणि वल्हवणाऱ्या तिच्याकडे तोंड करून असतात. म्हणजे आठ वर्षांत पहिल्यांदा मी वहिनीला वल्हवताना समोरून बघणार होते. आणि तिला माझ्याकडे तोंड करूनच पूर्ण अंतर वल्हवायचं होतं. हे आधी तिच्या लक्षात आलं असावं असं मला नाही वाटत.

तिचा चेहरा वल्हवताना कुरूप होतो. ओठ मागे जातात, गळ्याच्या शिरा उभ्या राहतात. तो चेहरा बघून मला थोडं हसूच आलं. मग मी पाण्याकडे बघितलं. आमच्या मोटरबोटीच्या दोन्ही अंगांनी तिचे भोवरे जात होते. खोल, काळे, कडेला फेस. अंतिम फेरीतले भोवरे. रौप्यपदकाच्या दिवशीचे भोवरे. मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिची नजर माझ्यावरच होती. तिला कळलं की मला कळलं. तिने डोळे खाली घातले, पण हात सैल सोडले नाहीत.

सरांनी घड्याळ थांबवलं. काडीबरोबरची वेळ माझ्यापेक्षा नऊ सेकंदांनी कमी होती. आमच्या खेळात नऊ सेकंद म्हणजे दुसऱ्या गावाला जाऊन येण्याइतके.

मी काडीचं अभिनंदन केलं, आंघोळ केली आणि दुकानात गेले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत विचारत राहिले, "आता दिसतंय का स्पष्ट? आणि आता?" एका आजोबांनी विचारलं, "बाळ, तुझ्याच डोळ्यांतून पाणी येतंय, तुझा नंबर तपासलास का?" मी त्यांना म्हटलं, तपासला आजोबा, आजच सकाळी तपासला.

घरी पोचले तर टेबलावर भरलेली ताटं. लोणी घातलेला गरम भात, भाजलेले बटाटे, अंडी, वाडगाभर दाट साय घातलेली खीर. इतकं अन्न एकत्र मी त्या घरात कधी बघितलं नव्हतं, कारण घरी ती दोघं माझ्यापासून चोरून खायची. वहिनीने माझी खुर्ची ओढली आणि अगदी मायेने म्हणाली, "बैस. आता तरी पोटभर खा."

माझ्या आत काहीतरी भडकलं. ती माया खरी होती, म्हणून जास्तच भडकलं.

"तू ओढलं नाहीस," मी म्हणाले.

"काय?"

"सकाळी. माझ्या खेपेला. तू हात हलवत होतीस नुसते."

"अगं, दमले होते मी."

"आणि अर्ध्या तासात ताजीतवानी झालीस? मी मोटरबोटीत होते. मला भोवरे वाचता येतात, तुला माहितीये."

तिने दादाकडे बघितलं. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणी बोलावं असं वाटलं की माणूस असं बघतो.

"हे बघ, डोक्यात राख घालून घेऊ नकोस," दादा म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी..."

"तुला माहीत होतं?"

 शाळेत मला कुणी मारलं तर वर्गात येऊन त्या पोराची कॉलर धरणारा माझा दादा भाताकडे बघत गप्प बसला. वहिनीचं एक वेळ मी सोसलं असतं. ह्याचं मला सोसवेना.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?" तो शेवटी म्हणाला. "पात्रतेच्या वेळी हिला दोन किलो जमले नसते तर तू परत उपाशी राहिली असतीस. सांगितलं असतं तर थांबली असतीस का तू?"

"सांगून तर बघायचं होतं!"

"तू ऐकणाऱ्यातली आहेस?"

नाहीये. मी ऐकणाऱ्यातली नाहीये, हे खरं आहे. पण न ऐकण्याचा हक्क माझा होता. माझं हाड, माझं पोट, माझी जागा. ह्या दोघांनी माझ्या पाठीमागे बसून त्याचं काय करायचं ते ठरवलं होतं.

"मला भूक लागते ग," वहिनी एकदम म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी महिनाभर करून बघितलं. अंगात त्राण राहायचं नाही. याच्यावर खेकसायचे, भांडी आपटायचे. तू आठ वर्षं कशी राहिलीस मला कळत नाही. मला नाही जमलं."

"मग हे मला का नाही बोललीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? तू आठ वर्षं केलंस आणि मला महिना झेपत नाही, हे तुला सांगू?"

"म्हणून मला बोटीतून ढकललंस."

"ढकललं नाही. मला वाटलं, घड्याळाने हरलीस तर तुला कमी लागेल. आपल्या माणसाने काढलं असं वाटणार नाही."

"कधी ठरवलंस?"

ती ताटं सारखी करायला लागली. मी टेबलावर हात आपटला तेव्हा बोलली. "काडी आली त्या आठवड्यात."

म्हणजे रोज सकाळी ती माझ्या पुढे बसून वल्हवत होती, रोज संध्याकाळी माझ्यासमोर काकडी खाऊन दाखवत होती, आणि मी तिला म्हणत होते, जपून ग, एकदम उतरवू नकोस. काय काय म्हणत होते मी! एकदा तर मी तिच्यासाठी माझ्या पगारातून चांगल्यातले बूट-मोजे आणले होते, वजन उतरवताना पाय गार पडतात म्हणून.

मी ताटावरून उठले, जिन्यात जाऊन सरांना फोन लावला आणि पुन्हा शर्यत मागितली. आमच्याकडे तसा नियम आहे. त्याच दिवशी मागायची, आणि कारण सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या आठवणीत कुणी मागितलेली नव्हती; कारण सांगायचं म्हणजे आपल्याच जोडीदारिणीकडे बोट दाखवायचं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सकाळी ये."

सकाळी बोटींच्या शेडमध्ये सगळ्या मुली जमल्या. वर फळ्यांवर बोटी उलट्या घातलेल्या, खाली आम्ही. मी म्हणाले, "काल माझ्या खेपेला स्ट्रोकने पूर्ण ताकद लावली नाही."  कुजबुज सुरू झाली. ती नाकारेल अशी माझी खात्री होती. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करून आले होते.

"खरं आहे," वहिनी म्हणाली.

सरांनी 'नक्की का' असं विचारलं नाही. काल मोटरबोटीत तेही माझ्या शेजारीच उभे होते आणि त्यांनी आयुष्यभर पाणी बघितलं आहे. मला तेव्हा त्यांचाही हिशोब लागला: त्यांना कालच कळलं होतं आणि तरी त्यांनी ती वेळ धरली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शर्यत मी देऊ शकतो. तिला ओढायला लावू शकत नाही."

"मी ओढेन," वहिनी म्हणाली.

"पहिली कोण?"

"मी," मी म्हणाले. "कालच्यासारखंच."

ताज्या दमाची वहिनी मला मिळणार होती आणि दमलेली काडीला. याला कुणी अन्याय म्हणेल. मी म्हणते, कालचं थोडंसं परत घेतलं. काडीने तक्रार केली नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगाल तसं."

त्या सकाळी वहिनीने जसं वल्हवलं तसं वल्हवताना मी तिला कधी बघितलेलं नाही. पहिल्या फटक्यापासून पाणी उकरून काढल्यासारखे भोवरे. तीळ अर्ध्या वाटेतच खांद्यापर्यंत गेला. मी हाक दिली की बोट पुढे झेपावायची. मी बरगडी विसरले, राग विसरले. लाज वाटते सांगायला, पण मी सुखात होते. शेवटच्या टप्प्यात मी हाका देता देता रडत होते आणि तिलाही ऐकू येत असणार. रेघ ओलांडली तेव्हा ती वल्ह्यांवर पडली आणि तिची पाठ धापांनी वरखाली होत राहिली. मला वाटलं, जिंकले. जागा माझी. आता हिच्याशी बोलायचं की नाही ते नंतर बघू.

मी मोटरबोटीत चढले. वहिनी काडीबरोबर निघाली. ती थकली होती हे स्पष्ट दिसत होतं, भोवरे मघाच्याहून थोडे उथळ होते, पण चोरी नव्हती. जे उरलं होतं ते सगळं ती ओढत होती. मग मी काडीचे भोवरे बघायला लागले. आदल्या दिवशी मी बघितलेच नव्हते. माझे डोळे वहिनीवरून हललेच नव्हते ना! चिमूटभर पोर, आणि तिचा एकेक भोवरा माझ्याहून खोल. ती दर फटक्याला बोटीला असं उचलून पुढे ठेवत होती की वहिनीचं दमणं त्यात झाकलं जात होतं. मी सरांच्या घड्याळाकडे बघायचं टाळलं. बघायची गरज नव्हती.

वहिनी समोरून माझ्याकडेच बघत होती. रेघेच्या जरा आधी तिला माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. तिचा चेहरा कसानुसा झाला.

"तीन सेकंद," सर म्हणाले. "काडी."

म्हणजे मी हरले. कुणी न फसवता, ताजी वहिनी घेऊन, जीव तोडून ओढून हरले. जी गोष्ट घडवून आणायला माझ्या भावाने आणि भावजयीने मला आठवडेच्या आठवडे खोटं तोंड दाखवलं होतं, ती गोष्ट आपोआप घडणार होती. त्यांना काही करायची गरजच नव्हती. नुसतं ओढायचं होतं.

धक्क्यावर काडी सरांशी बोलायला वर गेली. वहिनी बोटीजवळ ओणवी उभी होती, पाण्यातल्या टोकाला धरून. माझ्याकडे वळून म्हणाली, "मी ओढलं. तुझी शपथ, सगळं ओढलं."

"माहीत आहे."

"ती आपल्यापेक्षा चांगली आहे ग."

"तेही माहीत झालं."

"मग आता घरी चल. तुझा दादा थांबलाय वर. काल रात्रभर झोपला नाही तो."

मी तिच्याकडे नीट बघितलं. मला ती समोरून अजूनही अनोळखी वाटत होती. मी म्हणाले, "काल तू ओढलं असतंस तर काल संध्याकाळी मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. दादाने चहा केला असता. तू म्हणाली असतीस, जाऊ दे ग, आठ वर्षं काय कमी आहेत का. आणि ते सगळं खरं असतं. मी नुसती जागा हरले असते, वहिनी."

 बोट पाण्यातून बाहेर काढायला दोघी लागतात. तिने सवयीने माझ्याकडे बघितलं, मग मान फिरवून काडीला हाक मारली.